वर्षभरात संपवलेले पाच खेळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सरत्या वर्षात कोणती पुस्तके वाचली, यावर बोलायला कवींना नेहमीच बोलावतात. यंदा मी विषय बदलून मागितला. गेल्या वर्षभरात मी पाच व्हिडिओ गेम संपवले, त्यांविषयी बोलतो, असे म्हटले. फोनवर पलीकडून क्षणभर काहीच उत्तर आले नाही. मग प्रश्न आला, ‘संपवले म्हणजे?’

प्रश्न रास्त होता. आमच्या लहानपणी खेळ संपायचा तो दिवेलागण झाली म्हणून, नाही तर ज्याची बॅट तो घरी निघाला म्हणून. पुढे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे ते कॅसेटचे यंत्र घराघरांत आले. त्यातला मिशाळ मारिओ उड्या मारून मारून मरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून उड्या मारायचा. मुंबईच्या बोलीत ‘गेम केली’ म्हणजे तर माणूसच संपवला. पण आता असे पुष्कळ गेम निघाले आहेत की ज्यांना गोष्ट असते, पात्रे असतात आणि कादंबरीसारखा शेवटही असतो. तिथपर्यंत पोचलात की गेम संपवला. कुणी दोन तासांत पोचतो, मी दोन आठवड्यांत.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. सुटीत आली की माझ्या लॅपटॉपवर एखादा गेम घालून जाते. ‘अब्बा, यात गोळीबार नाही, तुम्हाला जमेल,’ एवढीच तिची शिफारस. गोळीबाराचे खेळ मी तिच्या खांद्यावरून पाहिलेले आहेत. वाळवंटातले मोडके गाव, भिंतींवर अरबी अक्षरे आणि खिडकीत जो दिसेल तो शत्रू. ती अक्षरे मी मशिदीच्या ओट्यावर बसून गिरवलेली. त्यामुळे बंदूक कुठे आहे ते न पाहता मी भिंत वाचायला जातो. पुष्कळदा ती अक्षरे सुटी सुटी आणि उलट्या क्रमाने लावलेली असतात. ज्याला शत्रू ठरवले, त्याची लिपी तरी धड लिहावी. असो.

पहिला गेम ‘जर्नी’. २०१२ साली आलेला. लाल झगा घातलेला एक प्रवासी, अफाट वाळू आणि दूरवर एक डोंगर. डोंगरापर्यंत जायचे, एवढीच कथा. शब्द एकही नाही. वाटेत दुसरा तसाच प्रवासी भेटतो, आणि तो संगणकाने केलेला नसून जगाच्या पाठीवर कुठे तरी त्याच वेळी खेळत बसलेला खराखुरा माणूस असतो. त्याच्याशी बोलता येत नाही. फक्त एक सूर काढता येतो, घंटेच्या नादासारखा. तो सूर ऐकून दुसरा जवळ येतो. शेवटी बर्फातल्या चढावर दोघे चिकटून चालले तर दोघांच्याही अंगात बळ येते. सोबतीला कोण होते, हे सगळे संपल्यावर, श्रेयनामावलीनंतर कळते.

या गेमची एक हकिकत मला फार आवडली. जेनोव्हा चेन आणि त्यांचे सहकारी तो बनवत होते, तेव्हा सुरुवातीला प्रवाशांना एकमेकांना ढकलता येत असे. हेतू असा की अवघड जागी मदतीचा हात द्यावा. पण खेळून पाहणारी माणसे एकमेकांना खड्ड्यात ढकलू लागली! मग त्यांनी उपदेश लिहिला नाही की दंड ठेवला नाही. ढकलण्याची सोयच काढून टाकली.

दुसरा गेम ‘पेपर्स, प्लीज’. लुकस पोप नावाच्या एका माणसाने तो जवळजवळ एकहाती बनवला आणि २०१३ साली प्रसिद्ध केला. विमानतळांवरच्या तपासण्या पाहून त्याला ही कल्पना सुचली. काळ १९८२चा नोव्हेंबर, देश आर्स्टोत्स्का नावाचा काल्पनिक. शेजारच्या कोलेचियाशी सहा वर्षांचे युद्ध नुकतेच संपले आहे आणि सीमेवरचे नाके उघडले आहे. सरकारी सोडतीत तुमचा नंबर लागून तुम्ही त्या नाक्यावरचे अधिकारी झाला आहात. समोर रांग. माणूस खिडकीशी येतो, पासपोर्ट सरकवतो. नाव, फोटो, मुदत, शिक्का, सगळे पाहायचे. बरोबर असेल तर हिरवा शिक्का, नसेल तर लाल.

यात खेळ तो काय, असे मलाही वाटले होते. पण पगार मिळतो तो तपासलेल्या डोक्यांवर. घरी बायको, मुलगा, सासू आणि मामा. संध्याकाळी हिशेब येतो: भाडे, जेवण, खोली गरम ठेवण्याचा खर्च. औषधाला पैसे उरले नाहीत तर घरातले माणूस दगावते. म्हणून हात चालवावा लागतो, आणि हात चालू लागला की समोरचा चेहरा दिसेनासा होतो. नियम तर रोज वाढतात. आज प्रवेशपत्र, उद्या ओळखपत्र, परवा कामाचा परवाना. मग एक बॉम्बस्फोट होतो आणि हुकूम येतो: कोलेचियाहून येणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्या.

एका दिवशी एक नवरा येतो. त्याची कागदपत्रे चोख. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायको येते, तिच्याकडे प्रवेशपत्र नाही. परत गेले तर मारतील, म्हणते. दिवसाच्या पहिल्या दोन चुका ताकिदीवर निभावतात, तिसरीपासून पैसे कापले जातात. म्हणजे दया दाखवायला जागा आहे, पण ती दिवसाला दोनदाच. सरकारी कारभारातली दया इतक्या नेमक्या मापात मांडलेली मी कुठल्याच नाटकात पाहिली नाही. या गेमला एकूण २० शेवट आहेत. त्यांतले मी तीन पाहिले.

आता घरचे सांगतो. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘महंमद’ आहे, रेशनकार्डावर ‘मोहंमद’, पासपोर्टवर इंग्रजीत तिसरेच. तिन्ही वेळा लिहिणारा हात माझा नव्हता. एका खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी मला विचारले होते, ‘यांतले नेमके तुम्ही कोण?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. मागे रांग होती. आमच्यातले बहुतेक लोक अलीकडे कागदांची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवतात, पुराच्या भीतीने आणि इतरही भीतीने. त्यामुळे हा गेम खेळताना मी खिडकीच्या दोन्ही बाजूंना होतो. नावातले एक अक्षर चुकलेला माणूस समोर आला की माझे बोट लाल शिक्क्यावर आणि डोळे त्याच्या चेहऱ्यावर.

हसूही आहे बरे. एक म्हातारा पुठ्ठ्यावर रंगीत खडूने स्वतः काढलेला पासपोर्ट घेऊन येतो. देशाचे नाव कोब्रास्तान, जो देश अस्तित्वातच नाही. परत पाठवला की तो रागावत नाही, पुन्हा येतो म्हणतो आणि खरेच येतो.

याच लुकस पोपचा २०१८चा गेम ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’. वर्षातला माझा सर्वांत आवडता हाच. ओब्रा दिन हे व्यापारी जहाज. १८०२ साली लंडनहून निघाले, केप ऑफ गुड होपला ठरल्या वेळी पोचले नाही, म्हणून समुद्रात गडप झाले असे जाहीर झाले. १८०७ साली ते इंग्लंडच्या फॅल्मथ बंदरात आपोआप वाहत आले, शिडे फाटलेली, माणूस एक नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या विम्याचा निरीक्षक म्हणून तुम्ही जहाजावर चढता. हाती एक वही आणि एक घड्याळ. सांगाड्याजवळ ते घड्याळ उघडले की आधी अंधारात मरणाआधीचे आवाज ऐकू येतात, आणि मग तो क्षण थिजलेल्या चित्रासारखा भोवती उभा राहतो. जहाजावर ६० माणसे होती. प्रत्येकाचे नाव काय आणि तो कसा मेला, हे वहीत भरायचे.

चित्र सगळे काळे-पांढरे, जुन्या संगणकांवर असायचे तसे. सुरुवातीला डोळ्यांना त्रास होतो, मग लाकडावर कोरलेल्या चित्रासारखे वाटू लागते. वहीत माणसांची यादी आहे: क्रमांक, नाव, हुद्दा, देश. दुसऱ्या पानावर त्यांचे चेहरे. कुठला चेहरा कुठल्या नावाचा, हे कुणी सांगत नाही. बोलण्याची ढब, पायातले बूट, झोपायच्या झोळीवरचा क्रमांक, कोण कुणाशेजारी बसून जेवतो, यांवरून ताडायचे. तीन माणसे अचूक भरली की गेम कबुली देतो, एका-दोघांवर देत नाही. त्यामुळे नुसत्या अंदाजाने फार दूर जाता येत नाही.

यादीत हिंदुस्थानचे खलाशी आहेत. एकाचे आडनाव सय्यद. नाव मात्र सॉलोमन! सुलेमान असणार, आणि कंपनीच्या कारकुनाने आपल्या सोयीने लिहिले असणार, अशी मी समजूत करून घेतली. तो आणि त्याचा आणखी एक देशबांधव, दोघेही छातीच्या आजाराने मरतात, मोठ्या संकटांना तोंड फुटण्याआधीच. जहाजावर पुढे बंड होते, खून होतात, समुद्रातून अद्भुत प्राणी येतात. या दोघांना त्यातले काहीच दिसत नाही. थंडीने मेलेला खलाशी, एवढीच त्यांची गोष्ट. खेळणारे बहुधा तिथून झपाट्याने पुढे जात असतील. मी तिथेच एक रविवार थांबलो.

कारण कोकणातले, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेले. इंग्रज त्यांना ‘लास्कर’ म्हणत. शब्द आपला ‘लश्कर’च. त्यांच्या मुकादमाला सारंग म्हणत, त्याच्या हाताखाली टिंडेल. माझे आजोबा मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर होते. खलाशाच्या नोंदवहीला आमच्याकडे ‘नल्ली’ म्हणतात. आजोबांची नल्ली घरातल्या पत्र्याच्या पेटीत आहे. त्यात उंची, गालावरचा तीळ, अंगठ्याचा ठसा आणि गावाचे असे नाव, की गावातल्यांनाही ओळखू येऊ नये. पण माणूस ओळखू येतो, तिळावरून. म्हणजे ओब्रा दिनच्या निरीक्षकाने करायचे ते काम आम्ही घरी आधीपासून करतच होतो.

मुंबईत मस्जिद बंदरजवळ इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या, ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक तिथे आहे. बाजूच्या रस्त्याने रोज हजारो माणसे लोकल पकडायला धावतात. मीही वर्षानुवर्षे धावलो आहे. गेम संपल्यावर मुद्दाम तिथे जाऊन आलो.

गेमच्या शेवटी तुमच्या वहीवरून कंपनी निवाडा करते. अमक्याच्या वारसांना इतके, तमक्याकडून इतकी वसुली. नाव नीट भरले असेल तर वारसाला पैसे, नाही तर नाही. कादंबरीकाराला इतका कोरडा आणि इतका खरा शेवट सुचला असता की नाही, शंका आहे.

चौथ्या गेमविषयी थोडक्यात सांगतो. ‘राजी’ हा पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी बनवलेला, २०२० साली आलेला. अनाथ बहीण-भाऊ, असुर भावाला पळवतात, राजी त्रिशूळ घेऊन निघते. पहाडी चित्रांसारखे रंग आणि कळसूत्री सावल्यांतून सांगितलेली कथा, डोळे निवतात. लोकांकडून वर्गणी मागून पैसा उभा करण्याचा त्यांचा २०१७चा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडले नाही, याचे कौतुक वाटते. पण लढाया सुटसुटीत नाहीत आणि गोष्ट ऐन रंगात आली असता एकदम तुटते. शेवटची लढाई माझ्या भाच्याने लढली. कागदोपत्री गेम मीच संपवला आहे.

पाचवा ‘वेण्बा’, २०२३चा. टोरांटोतल्या एका छोट्या कंपनीचा. १९८८च्या सुमारास कॅनडात गेलेले तमिळ जोडपे. बायकोचे नाव वेण्बा, नवऱ्याचे पावलन. वेण्बा हा तमिळमधला जुना छंद आहे. ‘तिरुक्कुरळ’ त्याच कुळातल्या वृत्तात आहे. आपल्याकडे मुलीचे नाव ओवी ठेवतात, तसेच हे. आणि पावलन म्हणजे कवी. परदेशात कवीला नोकरी मिळत नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

खेळ आहे स्वयंपाकाचा. वेण्बाकडे आईची पाककृतींची वही आहे, डाग पडलेली, फाटलेली. मधल्या ओळी गेलेल्या. उरलेल्या खुणांवरून कृती जुळवायची. पहिल्यांदा इडली. पात्राच्या ताटल्या कशा एकावर एक लावायच्या, की वरची ताटली खालच्या इडलीला चिकटू नये आणि वाफ फिरावी, हे एक कोडे आहे. मग पुट्टू, बिर्याणी. स्वयंपाकघरात रेडिओ लावलेला असतो, त्यावर जुन्या तमिळ चित्रपटगीतांच्या धर्तीवर नव्याने केलेली गाणी. मुलगा कविन वाढतो, तमिळ टाळू लागतो. आई एका भाषेत बोलते, तो दुसरीत उत्तर देतो. पुढे तीच वही त्याच्या हाती येते आणि ती वाचण्याइतके तमिळ त्याच्याकडे उरलेले नसते. दीड-दोन तासांचा गेम. ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत २०२४ साली त्याला पहिल्या कलाकृतीसाठीचा मान मिळाला.

मला लोक विचारतात, तुमची मातृभाषा उर्दूच ना? मी सांगतो, घरात कोकणी, शाळेत मराठी, मौलवीसाहेबांपुढे उर्दू. लिहायला बसलो तेव्हा मराठी आली, मी बोलावली नव्हती. माझ्या मुलीला मराठी उत्तम येते, कोकणी समजते, पण ती बोलत नाही. पुण्यात बोलणार तरी कुणाशी?

परवा तिने सांदणाची कृती विचारायला फोन केला. माझी पत्नी आमच्या बोलीत सांगत होती: तांदळाचा रवा इतका, नारळाचे दूध अंगासरशी, गूळ हाताला येईल तेवढा. मुलगी पलीकडे मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत ते टिपून घेत होती आणि मध्ये मध्ये थांबवत होती, ‘अम्मी, अंगासरशी म्हणजे किती कप?’ पत्नीने फोन माझ्याकडे दिला. मला तरी कुठे कप माहीत!