परत फिरणे

लहानपणी खोडी केली की अम्मी कान धरून म्हणायची, ‘तोबा कर!’ आम्ही घाईघाईने तोबा करून पुन्हा खेळायला पळायचो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘परत फिरणे’, हे फार उशिरा कळले. पुढे ख्रिस्ती पश्चात्तापाविषयी वाचताना जॉन न्यूटन भेटला आणि ती तोबा आठवली.

न्यूटन हा इंग्रज खलाशी. १७४८ साली वादळात जहाज बुडू लागले, तेव्हा त्याने देवाचा धावा केला. जीव वाचला. तो प्रार्थना करू लागला, शिवीगाळ सोडली. आणि माणसांचा व्यापार? तो सोडला नाही. उलट, गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा तो कप्तान झाला! १७५४ मध्ये समुद्र सुटला, तोही आजारपणामुळे.

१७६४ मध्ये तो पाद्री झाला. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गाइले जाणारे भजन त्याचेच. पण गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने पुस्तिका लिहिली ती १७८८ साली. वादळानंतर चाळीस वर्षांनी! आपणही त्या पापात होतो, हे त्याने तिथे लपवले नाही. मी कवी असूनही सांगतो, मला त्या भजनापेक्षा ही पुस्तिका मोठी वाटते.

त्याआधी १७८५ मध्ये विल्बरफोर्स हा तरुण खासदार त्याच्याकडे आला होता. देवाची हाक ऐकायची, तर राजकारण सोडावे का? न्यूटनने त्याला संसदेतच राहायला सांगितले. विल्बरफोर्स राहिला, वीस वर्षे झगडला. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने हा व्यापार बंद केला, तेव्हा न्यूटन ऐंशी उलटलेला होता. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हते. त्याच डिसेंबरात तो गेला.