थंड हवा, ऊन भाकरी

श्रोतेहो, वाळवंटाच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या माणसाने थंड हवेच्या ठिकाणी कोठे जेवावे याविषयी बोलावे, हे आपणांस थोडे विचित्र वाटेल. मी सरकारी नोकर. बदलीच्या हुकुमाने जयपुरात आलो आणि राजा पार्क नावाच्या वस्तीत बिऱ्हाड केले. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाबातून व सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती नांदती केली. घरे गेली, शेते गेली, पण हातची चव बरोबर आली. आणि त्या चवीवरच पुष्कळांनी आपले संसार पुन्हा उभे केले. आजही संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी कढई चढली, की छोल्यांचा आणि कुलच्यांचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो, व रात्री घरी काय शिजवायचे हा प्रश्न आपोआप पुढे ढकलला जातो.

अशा या गल्लीतल्या माझ्या शेजाऱ्यांनी एका उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायचे ठरविले. मी महाराष्ट्रातला, तेव्हा सल्ला माझाच घ्यायचा हे ओघाने आले. "राहायची सोय झाली आहे, खायचे-प्यायचे तेवढे सांगा," असे ते म्हणाले. सरकारी माणसाला प्रश्न विचारला की तो टिपण तयार करतो. मीही केले. न्याहारी, दुपारचे जेवण, सायंकाळचे पेय, रात्रीचे जेवण असे चार रकाने पाडले. कोठे पंजाबी जेवण चांगले मिळते, कोठे टेबलावर स्वच्छ चादर असते, कोठे मोटार उभी करायला जागा आहे, सगळे त्यात नमूद केले आणि मोठ्या समाधानाने तो कागद त्यांच्या हाती दिला.

आठ दिवसांनी मंडळी परतली. शेजाऱ्यांच्या आई, ज्यांना सारी गल्ली बीजी म्हणते, चाळीच्या कठड्यासारख्या आमच्या सामाईक गच्चीत बसल्या होत्या. वय पंचाऐंशीच्या पुढे, पण जीभ आणि स्मरण दोन्ही तल्लख. मी विचारले, "बीजी, जेवणाचे कसे झाले?" त्या म्हणाल्या, "बेटा, छोले तर मी इथेच खाते, आणि याहून बरे खाते. तुझा डोंगर काय खातो, ते तू लिहिलेच नाहीस."

श्रोतेहो, मी निरुत्तर झालो. आणि घरी येऊन त्या टिपणाची नक्कल पुन्हा वाचली, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी सांगतो, कारण माझ्या आजच्या बोलण्याचा सारा आधार तीच आहे.

माझे वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आम्ही एस. टी. ने महाबळेश्वरला गेलो. विकतचे काही खायचे नाही, हा घरचा दंडक. आईने पहाटे उठून दशम्या केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली होती. वेण्णा तलावाच्या काठी तिने पंचा पसरला आणि आम्हां भावंडांना वाढले. पलीकडच्या बाकावर माझ्याच वयाचा एक मुलगा उंच पेल्यातून स्ट्रॉबेरी आणि साय लांब चमच्याने खात होता. त्याने माझ्या हातातल्या दशमीकडे पाहिले, एवढेच. पण मला त्या दशमीची लाज वाटली. मी ती अर्धी टाकली. आईने पाहिले आणि ती काही बोलली नाही. पुढे मिळवता झाल्यावर मी जेव्हा जेव्हा डोंगरावर गेलो, तेव्हा चादर घातलेल्या टेबलाशीच बसलो. शेजाऱ्यांना दिलेले ते टिपण म्हणजे त्या दहा वर्षांच्या मुलाने उगवलेला सूड होता. जेथे चादर असते अशी सर्व ठिकाणे त्यात होती. जेथे भाकरी थापली जाते असे एकही नव्हते.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मीच बीजींना आणि त्यांच्या मंडळींना घेऊन महाबळेश्वरला गेलो. या वेळी टिपण केले नाही. केवळ चौकशी करीत गेलो. त्या चौकशीतून जे कळले, ते थोडक्यात सांगतो.

डोंगरावरच्या गावाला दोन पंगती असतात. एक पाहुण्यांची, दुसरी गावकऱ्यांची. सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२९ साली, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन ही जागा इंग्रजांकडे आली आणि नव्या पेठेला माल्कमचेच नाव मिळाले. साहेबांना त्यांची भाजी हवी होती. ती पिकविली कोणी? १८३४ ते १८६४ या काळात येथल्या तुरुंगात चिनी व मलायी कैदी ठेवलेले असत. बटाटे आणि विलायती भाज्या यांची लागवड त्यांच्या हातून वाढली. आज बाजारात लाल मुळ्यांच्या व गाजरांच्या टवटवीत जुड्या दिसतात, तेव्हा मनात येते, की समुद्रापलीकडून बेड्या घालून आणलेल्या त्या माणसांचेही या मातीवर काही देणे आहे. पाहुण्यांच्या पंगतीत वाढणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही, हे तेव्हापासूनचे.

स्ट्रॉबेरीचीही हकिगत ऐकण्यासारखी आहे. हे फळ आता इतके येथले झाले आहे, की २०१० साली त्याला महाबळेश्वरच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याची मातृरोपे परदेशातून येतात. पावसाळ्यात येथे सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्यात कोवळे रोप टिकायचे नाही. म्हणून ती रोपे घाटाखाली वाईच्या बाजूला वाढवितात, आणि पाऊस ओसरला, की सप्टेंबर-ऑक्टोबरात वर आणून लाल मातीच्या वाफ्यांत लावतात. नोव्हेंबरअखेर पहिली फळे दिसू लागतात व एप्रिलपर्यंत हंगाम चालतो. तेव्हा ज्याला स्ट्रॉबेरी खायची आहे, त्याने मे महिन्याच्या गर्दीत जाऊन पेल्यावर पैसे उधळण्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीत जावे आणि शेताच्या बांधावर उभे राहून, नुकतीच खुडलेली, उन्हाने किंचित कोमट झालेली फळे खावीत. साय नको, साखर नको. फळ टिकत नाही, म्हणून त्याचा मुरंबा आणि सरबत करण्याचे उद्योग निघाले. पाचगणीत किशोर व्होरा यांनी १९५९ साली सुरू केलेला उद्योग आज मॅप्रो या नावाने घरोघर माहीत आहे. गुरेघरच्या त्यांच्या बागेत पोराबाळांना घेऊन अवश्य जावे. परंतु तेथे पोट भरून बांधावरची वाट विसरू नये, एवढेच माझे सांगणे.

आता पिण्याविषयी. थंड हवेच्या ठिकाणी पहिले पेय चहा, असे आपण समजतो. मला वाटते, पहिले पेय पाणी. वेण्णा तलाव नौकाविहारासाठी प्रसिद्ध आहे; पण साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली तो बांधविला, आणि आजही महाबळेश्वर-पाचगणीची तहान तो भागवितो, हे वल्ही मारणाऱ्यांच्या ध्यानी नसते. ज्या डोंगरावर एवढा पाऊस पडतो, तेथल्या वाड्यांतील बायकांना उन्हाळ्यात हंड्यांनी पाणी वाहावे लागते, कारण उतारावर पाणी थांबत नाही. म्हणून पेल्यात अर्धे पाणी सोडून उठणे हा डोंगरावर मोठा अपराध मानावा. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. दर्शन घेऊन बाहेर आलात, की ताक किंवा कोकमाचे सरबत घ्यावे. मध घ्यायचा तर जांभळाचा घ्यावा. रंगाने गडद, चवीला किंचित तुरट. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, म्हणून तिचा मध दुर्मिळ. जवळचे मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. मधमाशीचा आणि जंगलाचा संसार एकच, हे त्या गावाने ओळखले आहे.

आणि आता जेवण. प्रतापगडाच्या वाटेवर आम्ही एका झोपडीवजा उपाहारगृहाशी थांबलो. कुडाची भिंत, वर पत्रा, आत चूल. पन्नाशीची एक बाई नाचणीची भाकरी थापीत होती. पिठले, लसणीचा ठेचा, फोडलेला कांदा, एवढाच जिन्नस. बीजींना बाकावर बसवले, तर त्या उठून चुलीजवळ गेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बीजींनी नुसता हात पुढे केला. त्या बाईने हसून पिठाचा गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. गव्हाची रोटी आयुष्यभर केलेल्या त्या हातांत नाचणी काही थांबेना. कडेला चिरा पडल्या. "आजी, पाणी लावा, पाणी," असे ती म्हणाली, आणि भाषांतराची गरज पडली नाही.

जेवताना बीजी मला म्हणाल्या, "आम्ही जयपुरात आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबूजींनी दोन वर्षे हातगाडीवर छोले विकले. शाळेतल्या मुली त्या वाटेने आल्या, की मी गाडीच्या मागे लपत असे. त्यांनी ते पाहिले होते, कधी बोलले नाहीत." एवढे सांगून त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा ठेच्यावरून पुसून घेतला.

मी काय बोलणार? माझी आई आता नाही. अर्धी टाकलेली ती दशमी मी तिला परत मागू शकत नाही. पण त्या दुपारी मी पानातली भाकरी चतकोरही उरू दिली नाही.

उठताना मी मराठी मध्यमवर्गीयाच्या सवयीने हिशेब पाहिला आणि सहज म्हणून गेलो, "खाली वाईत हेच स्वस्तात मिळते." ती बाई शांतपणे म्हणाली, "साहेब, खाली दुकान दारात असतं. इथं पीठ, तेल, सगळं घाट चढून येतं. पाणी मी आणते." त्या उत्तराने माझे अर्थशास्त्र पुरे झाले. डोंगरावरच्या प्रत्येक घासात घाट मिसळलेला असतो. माथेरानात हे अधिक स्पष्ट दिसते. तेथे सामान्य मोटारींना बंदी आहे. गाडीचा रस्ता दस्तुरी नाक्याशी संपतो. नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी १९०७ सालापासूनची, पण बाजाराचा पुष्कळसा जिन्नस आजवर घोड्यांच्या आणि माणसांच्या पाठीवरून दुकानापर्यंत पोहोचत आला आहे. तेथे चहा महाग म्हणून कुरकुरण्यापूर्वी ती चढण एकदा रिकाम्या हाताने चढून पाहावी.

आमच्या राजस्थानातही एक थंड हवेचे ठिकाण आहे, अबू. १९५० पासून काही वर्षे ते मुंबई राज्यात होते, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजस्थानात आले. त्यामुळे आम्हां मराठी माणसांना त्याच्याविषयी थोडा भाऊबंदकीचा लोभ आहे. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी असल्याने तिकडची काही मंडळी निराळ्याच तहानेने अबूला येतात, असे म्हणतात. त्यांची तहान त्यांना लखलाभ होवो. मला विचाराल, तर अबूच्या पायथ्याशी, अबू रोड स्थानकावर, गाडी थांबते तेवढ्यात घेतलेली रबडी ही त्या प्रवासातील खरी मेजवानी. तीही त्याच भागातल्या गाईम्हशींची.

तेव्हा थंड हवेच्या ठिकाणी कोठे खावे-प्यावे, याचे माझे नवे टिपण आता एका रकान्याचे झाले आहे. रोज एक जेवण आपल्या सोयीने, मुलांच्या हट्टाने, हवे तेथे घ्यावे. त्यात कमीपणा नाही. पण रोज एक जेवण अशा चुलीवर घ्यावे, जिची राखणदारीण आपल्याला दिसते. ऋतूचे फळ ऋतूत घ्यावे. पानात टाकू नये. दर विचारावा, पण घासाघीस करू नये. आणि बरोबर लहान मूल असेल, तर त्याला चुलीजवळ न्यावे व ही भाकरी कोणी केली ते दाखवावे. म्हणजे मोठेपणी घरच्या डब्याची लाज त्याच्या वाट्याला येणार नाही.

बीजी यंदा प्रवासाला जाणार नाहीत. गुडघे ऐकत नाहीत. परवा त्यांनी मला गच्चीत हाक मारली. परातीत नाचणीचे पीठ होते, शेजारी पाण्याची वाटी. भाकरीच्या कडेला अजूनही चीर पडते. ती आम्ही दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली.