वायफाय कुठे तुटतं?

(यवतमाळच्या हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, थोड्या संपादनासह)



या व्यासपीठावर संतसाहित्य झालं, कापसाचं अर्थकारण झालं, आणि आज एकदम लॅपटॉपचं वायफाय. तेही लिनक्सवरचं. ऐकायला येणार कोण, अशी शंका आयोजकांपैकी एकांना होती म्हणे. सभागृह तर बऱ्यापैकी भरलेलं दिसतंय, आणि त्याचं कारण मला एका तारखेत सापडतं : १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपल्याकडे मोठ्या भावाने इंजिनिअरिंगला वापरलेला आणि आता धाकटीकडे आलेला लॅपटॉप असतो, किंवा नागपूरहून आणलेला सेकंडहँड. यातले बरेच या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण वाऱ्यावर सोडलेलं. मग कुणीतरी त्यात उबुंटू किंवा मिंट हे लिनक्स टाकून देतं, लॅपटॉप पुन्हा पळू लागतो, आणि आठवड्याभरात तक्रार येते : "सर, नेट येऊन राह्यलं अन् जाऊन राह्यलं."

यावर निकाल ठरलेला असतो. लिनक्सच बेकार! पाच वेळा बंद-चालू करायचं, राउटर पिन टोचून रिसेट करायचा, शेवटी सगळं पुसून नवं इन्स्टॉल करायचं. एवढं करून नेट सुरू झालंच, तरी कशामुळे झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. माझं म्हणणं एवढंच आहे की लिनक्स बिघडत नाही असं नाही, पण काय बिघडलं ते तो लिहून ठेवतो. ते वाचायच्या आधी कशालाही हात लावू नये.

ओलितात शेवटच्या तासाला पाणी पोचत नसेल तर कुणी विहीर बुजवायला घेत नाही. मोटर उचलते का, पाइप कुठे फुटला का, ठिबकची नळी चोंदली का, असं क्रमाने बघत जातो. इथेही तसंच. लॅपटॉप ते राउटर हा एक तुकडा, राउटर ते बाहेरचं जग हा दुसरा, आणि संकेतस्थळाच्या नावाचा अंकी पत्ता शोधून देणारी डीएनएसची सोय हा तिसरा. पिंग नावाची छोटी कमांड तिन्ही वेगवेगळे तपासते. आधी राउटरला पिंग करा, बहुतेक घरी त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. मग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या जगाला. मग एखाद्या नावाला. राउटरकडून उत्तरं सुरळीत येत आहेत आणि बाहेरून नाहीत, तर वायफाय निर्दोष आहे. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली असेल, तर लॅपटॉपवर लिनक्स आहे की आणखी काही, याने फरक पडत नाही. अंकी पत्ता लागतो आणि नाव लागत नाही, तर गडबड डीएनएसची. मात्र राउटरकडूनच उत्तरं तुटक येत असतील, तर दुखणं आपल्या घरातलं. पुढचं बोलणं त्याबद्दल.

कमांड मी पडद्यावर दाखवतो आहे, लिहून घ्यायची घाई नको. मुख्य आहे ती सिस्टिमची नोंदवही. जर्नल-सीटीएल म्हणा किंवा डीमेसेज म्हणा. जोडणी तुटली त्या मिनिटाची ओळ शोधायची. त्या ओळीत 'बाय लोकल चॉइस' असे शब्द असतील तर जोडणी लॅपटॉपने स्वतः सोडली. ते नसतील तर बहुधा राउटरने बाहेर काढलं, आणि का काढलं याचा क्रमांक कंसात दिलेला असतो. क्रमांक १५ म्हणजे किल्ल्यांची देवघेव वेळेत पुरी झाली नाही. पासवर्ड चुकला तरी हेच, आणि सिग्नल इतका मरतुकडा असला की चार निरोपही धड पोचत नाहीत, तरी हेच. फर्मवेअरच्या नावापुढे उणे २ अशी चूक दिसली तर वायफाय कार्डाला लागणारी फाइलच डिस्कवर नाही. एका ओळीने अर्धा दिवस वाचतो.

आता सिग्नल. तो डीबीएम या एककात आणि उणे आकड्यांत येतो, म्हणून लोक बिचकतात. ३ ने खाली गेला की ताकद निम्मी, १० ने गेला की दहावा हिस्सा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. उणे ५० उत्तम, उणे ७० च्या खाली धाकधूक, उणे ८० ला तुटणारच. उणे ५० आणि उणे ८० यांत हजारपटीचं अंतर आहे. उणे ८० म्हणजे वॅटचा शंभर अब्जावा भाग, आणि तरी त्यातून अक्षरं वेचून काढायचा प्रयत्न ते कार्ड करतं. मला तरी याचं कौतुक वाटतं.

लॅपटॉप राउटरशेजारी ठेवला तरी आकडा उणे ७० च्या घरात राहतो का, हे नक्की पाहा. राहत असेल तर भिंतींना दोष देऊ नका, अँटेना बघा. लॅपटॉपची अँटेना झाकणात, पडद्याच्या कडेला असते आणि तिची बारीक वायर बिजागरीतून खाली येते. वर्षानुवर्षं झाकण उघडमीट करून ती वायर तुटत जाते. झाकण थोडं मागे केलं की नेट येतं आणि पुढे घेतलं की जातं, अशी तक्रार असेल तर ती शंभर टक्के यंत्राची आहे; तिथे सॉफ्टवेअर चाळवण्यात अर्थ नाही.

अँटेनाचीच एक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. अमेरिकेत लॅरी फिंगर नावाचे स्फटिकशास्त्रज्ञ होते. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत त्यांनी काम केलं. प्रचंड दाबाखाली खनिजांचे स्फटिक कसे बदलतात हा त्यांचा विषय. निवृत्तीच्या काळात ते लिनक्सच्या वायरलेस ड्रायव्हरांकडे, म्हणजे वायफाय कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमांकडे वळले. ब्रॉडकॉम कंपनीची कार्डं तेव्हा असंख्य लॅपटॉपमध्ये होती आणि त्यांची माहिती कंपनी देत नव्हती. तेव्हा स्वयंसेवकांनी कामाची वाटणी केली. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर काय करतो ते निरखून फक्त वर्णन लिहायचं, आणि दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हर न बघता केवळ त्या वर्णनावरून नवा लिहायचा, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप नको. २००६ मध्ये तो नवा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात आला. कार्डाचं फर्मवेअर मात्र वाटायला परवानगी नव्हती, म्हणून ते विंडोजच्या ड्रायव्हरमधून कापून काढणारं वेगळं हत्यार बनवावं लागलं. ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये, तोही नव्या चिपांसाठीच.

फिंगर पुढे रिअलटेकच्या ड्रायव्हरांचे जणू पालकच झाले. २०१६ च्या सुमारास त्यांच्यापुढे एक विचित्र दुखणं आलं. आरटीएल ८७२३बीई नावाच्या कार्डावर अँटेनासाठी दोन खुंट्या असतात. काही नव्या स्वस्त लॅपटॉपमध्ये दोनऐवजी एकच अँटेना बसवलेली होती. तसं ते चालून जातं. पण कार्डाच्या स्मृतीत नोंद होती दुसऱ्याच खुंटीची! म्हणजे वायर एकीला, आणि कार्ड कान लावून बसलंय दुसरीकडे. राउटरच्या पुढ्यात नेट चालायचं, शेजारच्या खोलीत गेलं की संपलं. लॅपटॉप उघडून वायर बदलावी तर वॉरंटी जाते, आणि त्याच यंत्रावर विंडोज असेल तर ते आंधळं होतं. फिंगर यांनी ड्रायव्हरमध्ये एक पर्याय घातला : वापरणाऱ्यानेच सांगावं, खुंटी १ की २. 'अँट-सेल' असं त्याचं नाव. एका ओळीची फाइल लिहायची आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा. कारखान्यात वाचवलेल्या एका अँटेनाची आणि चुकलेल्या नोंदीची भरपाई एका निवृत्त शास्त्रज्ञाने फुकट करून दिली. २०२४ च्या जूनमध्ये ते वारले. कर्नलमध्ये हजाराहून अधिक दुरुस्त्या त्यांच्या नावावर आहेत. तुमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये हे कार्ड असेल तर त्यांचं काम तुम्ही आजही वापरता आहात.

अँटेना ठीक असेल, तर मग घराकडे बघायचं. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी चौकटीची, हलक्या भिंतींची. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या, नव्या घरात स्लॅबला सळया आणि वर पत्र्याची खोली. त्यात लोक राउटर ठेवतात लोखंडी कपाटावर, कारण तिथे पोरांचा हात पोचत नाही. विदर्भातला खास शत्रू वेगळाच आहे : कूलर. हिवाळ्यात सुरळीत चाललेलं नेट एप्रिलमध्ये मागच्या खोलीत तुटायला लागतं आणि सगळे उन्हाला बोल लावतात. ऊन नव्हे हो. पत्र्याची पेटी, तळाशी पाण्याची टाकी आणि तिन्ही बाजूंनी ओल्या ताट्या, असा हा ऐवज आपण राउटर आणि लॅपटॉप यांच्या बरोबर मध्ये आणून उभा केलेला असतो. धातू लहरी परतवतो, पाणी शोषतं. राउटर हातभर सरकवून डीबीएमचा आकडा पुन्हा बघा, दुसरा उपाय शोधावा लागणार नाही. आणि भाव वाढेल म्हणून घरात साठवलेल्या कापसावर संशय नको; कोरड्या कापसाचा ढीग बहुतांशी हवाच असतो, लहरींना त्याचं ओझं नाही.

टेबलावरही एक चोर असतो. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर टिपण काढलं आहे. सिनेमा कॉपी होत असताना नेट मरत असेल तर डिस्क दुसऱ्या बाजूला लावा.

सिग्नल चांगला आहे, तरी जोडणी लटपटते? मग वीजबचत. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा एक हाळी देतो आणि तिच्यात कुणासाठी निरोप साठलेत ते सांगतो. वीज वाचवणारं कार्ड मधल्या वेळात झोपतं आणि हाळीला जागं होतं. काही कार्डं आणि राउटर यांचं हे गणित जुळत नाही, हाळी हुकते, निरोप पडून राहतात. पिंगची एखादी खेप चार मिलिसेकंदांत परतते आणि पुढची तीनशे घेते, अशी ओढाताण दिसली की समजावं. उबुंटूत नेटवर्क मॅनेजरच्या फाइलमध्ये 'वायफाय पॉवरसेव्ह' पुढे ३ असतं, ते २ करायचं. बॅटरी थोडी लवकर उतरेल. आपल्या जुन्या लॅपटॉपांची बॅटरी तशीही चार्जरच्या आधारावरच जगत असते.

मोबाइलला वायफाय दिसतं आणि लॅपटॉपला त्याचं नावच दिसत नाही, हा आणखी एक चमत्कार. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि त्यात १ ते १३ असे चॅनेल वापरता येतात. अमेरिकेत ११ पर्यंतच. लॅपटॉप स्वतःला अमेरिकेत समजत असेल आणि राउटर आपोआप १३ वर जाऊन बसला असेल, तर दोघांची भेट होणार कशी? लॅपटॉपला देश सांगा, किंवा राउटर १, ६ वा ११ वर बांधून टाका. १ ते ११ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल ते तीनच.

फर्मवेअरची फाइलच नसेल तर कोंडी होते : वायफाय चालायला फाइल हवी, फाइल आणायला वायफाय हवं. डेबियन या लिनक्सच्या लोकांनी यावर बरीच वर्षं तत्त्वाचा वाद घातला, २०२२ मध्ये मतदान घेतलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला लागले. तत्त्व थोडं वाकलं, हे खरं, पण मला निर्णय पटतो. जुनी आवृत्ती असेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडा आणि टेदरिंग सुरू करा. लिनक्स तो सहसा लगेच ओळखतो आणि फाइल उतरवता येते.

दोन्ही सिस्टिम असलेल्यांनी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करावं. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि कार्ड अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या गळ्यात टाकतं. अपडेटनंतर बिघडलं असेल तर सुरू होतानाच्या यादीतून आधीचा कर्नल निवडा. आणि एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही. हे सगळं मराठीतून शिकायचं असेल तर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात मोफत आहेत.

एवढ्यानेही भागलं नाही तर कार्ड बदला. काही जुने लॅपटॉप परकं कार्ड पाहून सुरूच व्हायला नकार देतात, तिथे यूएसबीचं छोटं ॲडॉप्टर घ्या. घेताना डब्यावरचं कंपनीचं नाव बघू नका, आतल्या चिपचं नाव विचारा. एकाच मॉडेलच्या दोन डब्यांत दोन वेगळ्या चिपा निघतात. मीडियाटेकच्या बऱ्याच चिपांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. दुकानदाराला चिप माहीत नसेल तर परत करता येईल अशा बोलीवर घ्या.

आता प्रश्न घेऊ. कुणी लॅपटॉप आणला असेल तर पुढे या. जोडणी तुटत असलेला असेल तर फारच छान.