‘टेन्शन’ नव्हे, आजार

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मी बसूनच बोलते. आज पाय साथ देतील की नाही, हे माझं मलाही सकाळी उठल्याशिवाय कळत नाही.

एकोणतिसाव्या वर्षी माझा उजवा डोळा दुखायला लागला. डोळा फिरवला की कळ यायची. दोन-तीन दिवसांत त्या डोळ्याला लाल साडी विटकी दिसायला लागली. दीड महिन्यात आपोआप बरं वाटलं, आणि घरात सगळे विसरले. वर्षभरानं पायांना मुंग्या यायला लागल्या. मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं व्हायचं. सासूबाई म्हणाल्या, कामाचा कंटाळा. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका, एखादं मूल होऊ द्या. तीन वर्षं मी झोपेच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी शेवटी तर मलाच वाटायला लागलं होतं, की मी सोंग करते.

मग एका डॉक्टरीणबाईंनी एमआरआय काढायला लावला आणि पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. आजाराला नाव मिळालं, मल्टिपल स्क्लेरोसिस. आपण एमएस म्हणू.

विजेच्या वायरवर प्लास्टिकचं वेष्टण असतं ना, तसं मेंदूतल्या नसांवर मायलिनचं असतं. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच ते वेष्टण कुरतडतात. डोळ्याच्या नसेवरचं गेलं तर नजर धूसर, मज्जारज्जूतलं गेलं तर पाय जड. मग थोडंफार भरून येतं, म्हणून बाई मधे बरी दिसते. आणि बरी दिसते म्हणूनच तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून जास्त होतो.

माझ्या कण्यातल्या पाण्यात अँटिबॉडींच्या रेषा सापडल्या. रक्तात त्या नव्हत्या. म्हणजे त्या मज्जासंस्थेच्या आतच तयार होत होत्या. एमएसच्या रुग्णांच्या या पाण्यात अशी प्रथिनं वाढलेली असतात, हे एल्विन काबट यांनी अमेरिकेत १९४२ मध्येच दाखवलं होतं. माझ्या तीन वर्षांच्या ‘टेन्शन’चा पुरावा एका काचेच्या नळीत होता! गंमत बघा, या आजाराचं नीट वर्णन १८६८ मध्ये केलं ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या शार्को यांनी. ते बायकांचं रुग्णालय. आणि पुढे तेच शार्को, त्याच रुग्णालयात, बायकांच्या हिस्टेरियासाठी जास्त गाजले.

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण इथे चूक महागात पडते. मायलिनविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात सापडल्या की पुढे एमएस होणार हे ओळखता येईल, असं २००३ मध्ये एका अभ्यासानं म्हटलं. २००७ मध्ये मोठ्या अभ्यासात ते टिकलं नाही. एमएस रक्ताच्या एका तपासणीत कळत नाही, आजही नाही. पण त्या शोधातून दुसरं काही हाती आलं. मायलिनवरच्या ‘मॉग’ नावाच्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी असणारा आजार वेगळाच आहे, हे पुढे स्पष्ट झालं. त्याआधी, २००४ मध्ये, अमेरिकेत व्हँडा लेनन यांच्या गटाला आणखी एका आजाराची अँटिबॉडी सापडली होती. त्याला एनएमओ म्हणतात. ती अँटिबॉडी मायलिनवर नाही, मेंदूतल्या पेशींवरच्या पाण्याच्या वाटांवर, अ‍ॅक्वापोरिन-४ वर, हल्ला करते. हा आजार तर बहुतांशी बायकांनाच होतो. त्यातही नजर जाते, पाय जातात, म्हणून तो एमएस समजला जातो.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती. तिला एमएस म्हणून इंटरफेरॉनची इंजेक्शनं चालू होती. दर झटक्यात ती जास्तच खचत होती. रक्त तपासलं तेव्हा कळलं, एनएमओ. इंटरफेरॉननं एनएमओ बळावू शकतो. निदान होईपर्यंत तिचा एक डोळा गेला होता.

या दोन्ही अँटिबॉडी साध्या रक्तात तपासता येतात. पैसे पडतात, खरं आहे. पण चुकीच्या औषधापेक्षा कमीच.

उपचारांबद्दल थोडंच सांगते. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी ज्यांच्यापासून तयार होतात, त्या बी-पेशी काढून टाकणारं रिटक्सिमॅब हे मूळचं कर्करोगावरचं औषध. २००८ च्या चाचणीत त्यानं एमएसचे झटके कमी झाले, आणि तेही अँटिबॉडी फारशा न घटता. म्हणजे बी-पेशी अँटिबॉडी बनवण्याखेरीज बाकीच्या पेशींना चिथावण्याचंही काम करतात. सगळं खापर अँटिबॉडींवर फोडून चालत नाही.

तुमच्या केंद्रात बाई येते ती आजार सांगायला नाही. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं म्हणून येते. ‘आजार लपवून लग्न केलं’ असा आरोप असतो. तेव्हा तिला विचारा, एखादा डोळा कधी दुखून धूसर झाला होता का? कमरेखाली बधिरपणा? लघवीवर ताबा? उन्हात किंवा तापात जास्त त्रास? तारखा लिहून घ्या. पहिला झटका लग्नानंतरचा असेल, तर तोच कागद तिच्या बाजूनं बोलेल. मग मेंदूविकारतज्ज्ञाकडे तिच्यासोबत जा आणि अ‍ॅक्वापोरिन-मॉगच्या तपासण्या केल्या का, हे तुम्हीच विचारा. बाई एकटी असली की प्रश्न गिळते. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात एमएसचं नाव आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. थकवा मात्र डॉक्टरला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून अर्जासोबत तिचा दिवस लिहून जोडा: किती पावलं चालली, कितीदा बसावं लागलं, पोळ्या कोणी लाटल्या. माझ्या अर्जाला मी असा सात दिवसांचा कागद जोडला होता. शेवटच्या दोन दिवसांचं अक्षर माझ्या मुलीचं आहे, माझ्या हातात पेन राहत नव्हतं.