उंबऱ्यावरचे वाण



रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा हे आमचे काम. आमच्या एका रुग्ण ताईंकडे संक्रांतीला शेजारीण वाण घेऊन आली. ताईंचे लाल, सुजलेले तळहात पाहून वाण उंबऱ्यावरच ठेवून ती परतली.

तो लागण होणारा आजार नव्हता. केमोथेरपीतल्या सायटाराबिन या औषधाने काहींचे तळहात-तळपाय लाल होतात, आग होते, पुढे सालही निघते. बहुधा काही आठवड्यांत ते बरे होतात. ‘उष्णता बाहेर पडली’ म्हणून हळदीचा किंवा ऐकीव लेप लावू नये. थंड पाण्याच्या पट्ट्या, साधे बिनवासाचे मलम, सैल चपला बऱ्या. बाकी डॉक्टरांना विचारून. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर कडक ऊन टाळावे. सलाईनच्या जागी जळजळ झाली तर नर्सला लगेच सांगावे. ताप आला किंवा अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले, तर सकाळची वाट पाहू नये. तडक रुग्णालय गाठावे.

ताईंपासून आपल्याला धोका नाही; आपल्या सर्दी-खोकल्यापासून मात्र त्यांना आहे. तेव्हा प्रकृती ठीक असेल तेव्हाच, हात स्वच्छ धुऊन जाऊ या. पण उंबरा ओलांडून आत जाऊ या.

गणपती बाप्पा मोरया!