डांबून ठेवणे म्हणजे नेमके काय?

‘अपहरण करून डांबून ठेवले’ अशी बातमी वाचली की आपल्या डोळ्यांपुढे बंद खोली आणि दोरखंड येतात. कायद्याला यांतले काहीही लागत नाही. भारतीय दंड संहितेच्या ३४० व्या कलमाखालचा दृष्टान्तच पाहा: घराच्या वाटांवर बंदूकधारी माणसे उभी केली आणि आतल्या माणसाला ‘बाहेर पडलास तर गोळी घालू’ असे बजावले. झाली कैद! कुलूप कुठेच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद १२७ व्या कलमात आहे.

मुलांच्या अपहरणाच्या बाबतीत हमखास बचाव होतो: मूल आपणहून आले, खेळत होते, जेवले. पण अजाण मुलाला पालकांच्या ताब्यातून नेताना संमती बघायची ती पालकांची. मुलाचे हसणे आरोपीच्या कामी येत नाही.

खंडणीची गोष्ट मात्र वेगळी, आणि आज मला त्यावरच बोलायचे आहे. खंडणीसाठीच्या अपहरणाचे ३६४-अ हे कलम दंड संहितेत १९९३ मध्ये आले. आता ते न्याय संहितेच्या १४० व्या कलमाचे दुसरे पोटकलम आहे. शिक्षा दोनच, फाशी किंवा जन्मठेप, शिवाय दंड. पळवून नेणारा त्यात येतोच. पळवलेल्याला नंतर ताब्यात ठेवणाराही येतो. ज्याने उचलून नेले नाही, नुसता पहारा दिला, त्यालाही सुटका नाही. पण नेणे किंवा डांबणे ही फक्त पहिली पायरी. त्याच्या जोडीला ठार मारण्याची वा इजा करण्याची धमकी, तशी वाजवी भीती वाटावी असे वर्तन, किंवा प्रत्यक्ष इजा वा मृत्यू यांपैकी काहीतरी सिद्ध व्हावेच लागते, आणि तेही खंडणी उकळण्यासाठी केलेले.

तेलंगणातल्या एका खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितले. सहावीतल्या मुलाला रिक्षाचालकाने पळवले, वडिलांकडे दोन लाख मागितले. मुलगा म्हणाला, मला चांगले वागवले. धमकी सिद्ध झाली नाही. जन्मठेप रद्द होऊन साध्या अपहरणाखाली सात वर्षांची शिक्षा उरली.

त्या आईबापांच्या जिवाची काय तगमग झाली असेल, ते मला कळते. तरीही निकाल योग्यच आहे, असे मी ठामपणे म्हणतो. जिथे फाशी होऊ शकते, तिथे भीती गृहीत धरून चालत नाही. पैशांची मागणी आणि जिवाची धमकी या दोन गोष्टी आहेत. दुसरी पुराव्यानेच यावी लागते.

म्हणून तपासात जबाब कसा घेतला, याला फार मोल आहे. ‘खंडणीसाठी फोन आला’ एवढे लिहून भागत नाही. फोनवर नेमके कोणते शब्द उच्चारले, कोणी ऐकले, मुलाला सुरा दाखवला का, हे जबाबात हवे; आणि पुढे साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून वडिलांनी तेच सांगायला हवे.