दोन फोन, एकच हिशेब



इतिहास, अर्थकारण, साहित्य अशा विषयांची चर्चा या व्यासपीठावर ऐकण्याची आपणांस सवय आहे. तेथे फोनमधील आज्ञावलीचा, म्हणजे ज्याला आपण ॲप म्हणतो त्याचा विषय मांडताना थोडा संकोच वाटतो. तथापि आज आपला पगार, पेन्शन, विजेचे बिल आणि बचत गटाचे खाते हे सारे त्या फोनमध्ये जाऊन बसले आहे. तेव्हा त्याच्या आत काय चालते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

प्रश्न साधा आहे. बाजारात प्रामुख्याने दोन जातींचे फोन आहेत, आयफोन आणि अँड्रॉइड. काम एकच असताना ॲप दोनदा का लिहावे? एकदाच लिहून दोन्हीकडे का चालवू नये?

याचे मूळ 2008 सालात आहे. त्या वर्षी ॲपलने आयफोनसाठी ॲपचे दुकान उघडले आणि त्याच वर्षी पहिला अँड्रॉइड फोन विक्रीस आला. आयफोनची ॲपे ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत लिहिली जात, अँड्रॉइडची जावा भाषेत. पुढे 2014 मध्ये ॲपलने स्विफ्ट ही नवी भाषा आणली. 2017 मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी कॉटलिन भाषेला मान्यता दिली. भाषा बदलल्या, पण दोन चुली दोनच राहिल्या.

दोन चुली म्हणजे दुप्पट सरपण, एवढेच नुकसान असते तर आम्ही हा विषय येथे आणला नसता. खरे नुकसान वेगळे आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, एका बचत गटाने हिशेबाचे ॲप करून घेतले. सभासदाचे महिन्याचे व्याज पूर्ण रुपयांत धरावे, असे ठरले. व्याज आले 2 रुपये 50 पैसे. आयफोनचे ॲप लिहिणाऱ्याने स्विफ्टमधली नेहमीची क्रिया वापरली. उत्तर आले 3. अँड्रॉइडचे ॲप लिहिणाऱ्याने कॉटलिनच्या गणिती संचातील ‘राउंड’ ही क्रिया वापरली. उत्तर आले 2. यात चूक कोणाची? कोणाचीच नाही. एक रीत अर्ध्याला वर चढवते; दुसरी रीत अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणजे मोठ्या बेरजांत वाढ-घट एकमेकींना छेदून जाते. दोन्ही रीती शास्त्रशुद्ध आहेत. गंमत अशी, की 3 रुपये 50 पैशांना दोन्हींचे उत्तर 4 येते. म्हणजे हिशेब कधी जुळतो, कधी जुळत नाही. आणि कधीमधी चुकणारा हिशेब नेहमी चुकणाऱ्यापेक्षा सापडायला कठीण.

दुसरे उदाहरण आपल्या भाषेचेच. ‘मराठी’ या शब्दात अक्षरे किती? स्विफ्टला विचारा, ती सांगते 3. कॉटलिनला विचारा, ती सांगते 5. कारण ती काना आणि वेलांटी वेगळी मोजते. आता नावासाठी वीस अक्षरांची मर्यादा घातली, तर एकाच बाईंचे नाव एका फोनवर स्वीकारले जाईल आणि दुसऱ्यावर नाकारले जाईल. रोमन लिपीत साधे नाव लिहिणाऱ्यास ही अडचण जाणवणारच नाही. ती सोसावी लागते आपल्याला.

गटातील दोघींच्या फोनवर दोन आकडे दिसले, की संशय यंत्रावर जात नाही. तो वही सांभाळणाऱ्या बाईवर जातो. एका रुपयासाठी विश्वास जातो, आणि गट विश्वासावरच चाललेला असतो.

मग सगळेच एकदा लिहावे, असे कोणीही म्हणेल. ही आशा जुनी आहे. 1995 मध्ये जावा भाषा आली ती हेच आश्वासन घेऊन. फोनच्या क्षेत्रातही हे प्रयोग मोठ्या कंपन्यांनी केले. फेसबुकने आपल्या ॲपचा बराच भाग वेबपानांच्या तंत्राने चालवून पाहिला आणि तो मंद चालतो म्हणून 2012 मध्ये आयफोनचे ॲप नव्याने लिहिले. ड्रॉपबॉक्सने सामाईक भाग सी-प्लस-प्लसमध्ये लिहिला. त्यासाठी स्वतःची हत्यारे घडवावी लागली, ती भाषा जाणणारी माणसे मिळेनात, आणि 2019 मध्ये त्यांनी तो मार्ग सोडल्याचे सविस्तर सांगितले. एअरबीएनबीने 2016 मध्ये रिॲक्ट नेटिव्ह स्वीकारले आणि 2018 मध्ये सोडण्याचे जाहीर केले. दोन मंचांऐवजी तीन सांभाळावे लागतात, असा त्यांचा अनुभव होता.

यावरून ‘सामाईक काहीच नको’ असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. रिॲक्ट नेटिव्ह आणि गूगलचे फ्लटर यांवर आजही अनेक ॲपे उत्तम चालतात. ज्यांच्याकडे दोनच माणसे आहेत त्यांनी दोनदा लिहीत बसावे, असे आम्ही सांगणार नाही. प्रश्न सामाईक करावे की न करावे हा नसून, काय सामाईक करावे हा आहे.

डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्येच सांगून ठेवले आहे, की आज्ञावलीचे भाग पाडताना जो निर्णय उद्या बदलण्याचा संभव आहे तो एका भागात झाकून ठेवावा. त्याला धरून आम्ही एक कसोटी सुचवतो. ज्या प्रश्नाचे उत्तर दोन असूच शकत नाही, ते सामाईक असावे. व्याज किती, मुदत कधी संपते, कोणते नाव ग्राह्य, हे नियम गटाचे आहेत, फोनचे नाहीत. उलट, मागे कसे फिरायचे, अक्षरे केवढी दिसायची, अंध व्यक्तीला पडदा वाचून कसा दाखवायचा, या सवयी त्या त्या फोनच्या आहेत. आयफोनवर व्हॉइसओव्हरची सवय झालेल्या माणसाला तीच रीत हवी. अँड्रॉइडवर टॉकबॅक वापरणाऱ्याला त्याची. तेथे एकसारखेपणा लादणे हा वापरणाऱ्यावर अन्याय आहे. नियम तेवढे सामाईक आणि पडदे वेगळे, अशी विभागणी करता येणारे कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्म हे साधन 2023 मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाले आहे.

परंतु साधन आले म्हणजे काम झाले, असे नव्हे. आपल्याकडे भावांत जमिनीची वाटणी होते, बांध पडतात, पण विहीर सामाईक राहते. गाळ कोणी काढायचा, मोटार जळाली तर खर्च कोणी द्यायचा, हे आधी ठरले नसेल तर त्याच विहिरीपायी कोर्टकचेऱ्या होतात. सामाईक आज्ञावलीचेही तसेच आहे. ती दोघांची म्हणजे कोणाचीच नाही, असे होता कामा नये. तिचा सांभाळ करणारा माणूस नेमलेला असावा, आणि त्याने केलेला बदल दोन्ही फोनांवर तपासल्याशिवाय बाहेर पडू नये.

ज्यांना हेही परवडत नाही, त्यांच्यासाठी एक स्वस्त उपाय आहे. आज्ञावली दोन असू द्या, पण उदाहरणसंग्रह एक ठेवा. 2 रुपये 50 पैशांचे किती धरायचे, ‘मराठी’ची अक्षरे किती मोजायची, अशी पन्नास-शंभर उदाहरणे उत्तरांसह लिहून काढा आणि दोन्ही ॲपांना प्रत्येक बदलानंतर तीच सोडवायला लावा. उत्तरे कोणी ठरवायची? तंत्रज्ञाने नव्हे, गटाच्या बैठकीत, वही समोर ठेवून, साध्या मराठीत. किंबहुना आमच्या मते हेच पहिले पाऊल आहे. जो नियम माणसांनी आपसांत ठरवला नाही, तो यंत्र आपल्या रीतीने ठरवून टाकते, आणि दोन यंत्रे तो दोन रीतींनी ठरवतात.

तेव्हा आपल्या संस्थेसाठी कोणी ॲप करून देऊ लागला, तर ते कोणत्या भाषेत लिहिले हे विचारले नाही तरी चालेल. आमचे नियम कोठे लिहिले आहेत, ते एकाच जागी आहेत का, आणि त्यांचा सांभाळ कोण करतो, एवढे तीन प्रश्न मात्र अवश्य विचारावेत. ते विचारण्यास संगणकशास्त्र यावे लागत नाही.